छातीतली गाठ आटली, मग मणक्यात डाग कुठून?

प्रश्न : माझे वडील, आण्णा, वय 67. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या कामाला होते. बिडी ओढायचे, ती सुटून बरीच वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी खोकल्यातून रक्त पडलं. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात 4.2 सेंमीची गाठ निघाली. सुईने तुकडा काढून तपासला, रिपोर्ट आला ‘ॲडिनोकार्सिनोमा’, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. आण्णांनी किमोला साफ नकार दिला. महिन्याभरात जोराचा ताप आला, आठवडाभर सलाइन आणि अँटिबायोटिक झाली. त्यानंतर पन्हाळ्याकडच्या एका वैद्यांचा काढा आणि पुड्या सुरू केल्या. चार महिन्यांनी सीटी केला तर गाठ 1.6 सेंमी. सगळ्यांनी मान्य केलं की आजार गेला. जोतिबाला जाऊन आलो, पेढे वाटले, पुढे तपासणी केलीच नाही. आता दोन महिने आण्णांची पाठ दुखतेय, रात्री जास्त. एमआरआयमध्ये डी-10 मणक्यात डाग दिसला. छातीतली गाठ अजून 1.7 सेंमीच आहे. डॉक्टर म्हणतात स्टेज चार. भाऊ म्हणतो, छातीत वाढली नाही तर पसरेल कशी? वैद्य म्हणतात, तुकडा काढला म्हणून पसरला, पुड्यांचा डोस वाढवा. खरं काय? आणि आमचं नेमकं कुठं चुकलं?
— एक मुलगी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नांकडे येऊच, पण आधी आण्णांच्या पाठीचं बघू. बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल, पाठ थांबणार नाही.

डी-10 म्हणजे छातीच्या मणक्यांतला दहावा. त्याच्या मागच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो. मणक्यातला रोग मागे सरकला किंवा पोखरलेला मणका खचला, तर रज्जू दाबला जातो आणि कमरेखालचं शरीर निकामी होऊ शकतं. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ आण्णांना चार गोष्टी विचारा : पाय जड वाटतात का, जिना चढताना गुडघे मोडतात का? लघवी सुरू व्हायला वेळ लागतो का, किंवा तुंबते का? बसायच्या जागेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं का? पोटाभोवती किंवा बरगड्यांभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर ओपीडीची वेळ बघत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिथे एमआरआय होतो अशा मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्या. तिथे नुसतं ‘पाठ दुखते’ सांगितलंत तर इंजेक्शन देऊन घरी पाठवतील. सांगायचं ते असं : “फुप्फुसाच्या कॅन्सरचे पेशंट आहेत, डी-10 ला डाग आहे, पायातली ताकद कमी झालीय.” मग चक्रं हलतात. संपूर्ण मणक्याचा एमआरआय मागा, कारण रोग एकाहून जास्त ठिकाणी असण्याची शक्यता चांगलीच असते. रज्जू दाबला गेला असेल तर डॉक्टर डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड लगेच सुरू करतात, बहुधा दिवसाला 16 मिलिग्रॅमपर्यंत, आणि पाठोपाठ रेडिएशन किंवा ऑपरेशन. उपचार सुरू होताना जो माणूस चालत असतो तो पुढेही बहुतेक वेळा चालता राहतो. पाय जाऊन दोन दिवस उलटले की ते परत येणं अवघड.

हे झालं धोक्याच्या खुणांचं. खुणा नसल्या तरी पाठ कुणाकडूनही चोळून घेऊ नका, तालमीतल्या वस्तादांचा हात कितीही चांगला असला तरी. आपल्याकडे पाठ धरली की पहिला उपाय हाच होतो, आणि पोखरलेला मणका दाबाखाली मोडू शकतो. घागर, सिलिंडर, नातवंडं उचलणं बंद. दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका. पट्टा लावायचा की नाही ते एमआरआय पाहून डॉक्टरांना ठरवू द्या. बाजारातला कमरेचा पट्टा डी-10 पर्यंत पोचतही नाही.

आता, गाठ खरंच आटली होती का?

आटू शकते. कॅन्सर उपचाराविना, किंवा तो बरा करायला अगदीच अपुऱ्या उपचारावर, पूर्ण किंवा काही अंशी मागे हटतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेलं आहे. एव्हरसन आणि कोल या अमेरिकन सर्जननी जुन्या नोंदी चाळून 1966 साली अशा 176 केसेस एकत्र मांडल्या. ढोबळ अंदाज असा सांगितला जातो की 60,000 ते 1,00,000 कॅन्सर रुग्णांत एखाद्याचं असं होतं. त्यातही मूत्रपिंडाचा कॅन्सर, त्वचेचा मेलॅनोमा, लहान मुलांतला न्यूरोब्लास्टोमा आणि काही लिम्फोमा (लसीका ग्रंथींचे कॅन्सर) हे नेहमीचे. फुप्फुसाचा कॅन्सर या यादीत फार मागे आहे. म्हणून गाठ लहान दिसली की अनुभवी डॉक्टर आधी दुसरी कारणं तपासून बाजूला काढतो. आण्णांच्या बाबतीत अशी तीन कारणं डोळ्यासमोर येतात.

पहिलं, ताप. श्वासनलिकेच्या फांदीत गाठ अडकली की तिच्या पलीकडचं फुप्फुस मिटतं, त्यात कफ साठतो, जंतुसंसर्ग होतो. स्कॅनवर गाठ आणि तो मिटलेला भाग मिळून एकच मोठा पांढरा गोळा दिसतो. अँटिबायोटिकने संसर्ग गेला, फुप्फुस उघडलं, की उरते फक्त मूळ गाठ. म्हणजे 4.2 सेंमीचा आकडा पहिल्यापासूनच फुगलेला असू शकतो. पहिला सीटी शिरेत औषध सोडून केला होता का ते बघा. केला असेल तर गाठ आणि मिटलेलं फुप्फुस वेगळं ओळखायला सोपं जातं.

दुसरं, फाउंड्री. फेटलिंगला साच्याच्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते. त्यातून सिलिकोसिस, म्हणजे धुळीने फुप्फुस निबर होण्याचा रोग होतो, सिलिकोसिसमुळे टीबीचा धोका वाढतो, आणि सिलिका स्वतःही फुप्फुसाच्या कॅन्सरचं मान्य झालेलं कारण आहे. एकाच छातीत या तिन्ही गोष्टी एका वेळी असू शकतात, त्यामुळे स्कॅनवर दिसलेला सगळाच गोळा कॅन्सरचा असेल असं नाही. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, उद्यमनगरात फाउंड्रीत उमेदवारी केलेली माणसं डॉक्टरांना ‘बिडी ओढायचो’ एवढंच सांगतात. धंदा कुणी विचारत नाही, हेही सांगत नाहीत. प्रत्येक नव्या डॉक्टरला आण्णांचं काम काय होतं ते पहिल्या दोन वाक्यांत सांगा. त्याने स्कॅन वाचायची रीत बदलते.

तिसरं, पुड्या. काही ठिकाणच्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइडने गाठीभोवतालची सूज उतरते, भूक लागते, अंग हलकं वाटतं, आणि लिम्फोमासारखा काही रोग असेल तर तो काही काळ खरोखर आकसतो. ॲडिनोकार्सिनोमा मात्र त्याने आटत नाही. आण्णांचा चेहरा गोल झाला होता का, साखर किंवा बीपी अचानक चढलं होतं का, आठवून पाहा.

या तिन्हींत बसत नसेल, तर ती गाठ खरोखर मागे हटलेली असू शकते. अशा नोंदींत एक गोष्ट वारंवार आढळते : गाठ आटायच्या आधी रुग्णाला जोराचा ताप किंवा जंतुसंसर्ग होऊन गेलेला असतो. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी 1890 च्या दशकात याच निरीक्षणावरून रुग्णांना मुद्दाम जंतूंची इंजेक्शनं देऊन पाहिली होती. आज समजतं ते असं की तापाच्या, कधी सुईच्या जखमेच्याही निमित्ताने प्रतिकारशक्तीच्या पेशी जाग्या होतात आणि आतापर्यंत न ओळखलेल्या कॅन्सर पेशींवर तुटून पडतात. तेव्हा श्रेय द्यायचंच असेल तर काढ्याआधी आलेल्या तापाचा नंबर वर लागतो. वैद्यांना हे पटणार नाही.

नक्की काय झालं ते मोजमापावरून नाही, मूळ साहित्यावरून कळेल. दोन्ही सीटींच्या सीडी एकाच रेडिओलॉजिस्टला शेजारी-शेजारी लावून बघायला द्या. नुसता रिपोर्टचा कागद किंवा मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो उपयोगाचा नाही. आणि बायोप्सीची काच दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्या. पेशींवर टीटीएफ-1 आणि पी-40 या रंगचाचण्या झाल्या होत्या का ते विचारा. टीटीएफ-1 पॉझिटिव्ह आणि पी-40 निगेटिव्ह असेल तर फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमाला बळ मिळतं.

भावाचा प्रश्न बरोबर आहे, फक्त त्याच्या मुळाशी एक चुकीची समजूत आहे. गाठ आधी मोठी होते आणि मग पसरते, असा क्रम शरीर पाळत नाही. फुप्फुसातून निघालेलं रक्त थेट हृदयाच्या डाव्या बाजूला जातं आणि तिथून एका ठोक्यात मेंदू, हाडं, यकृत, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी सगळीकडे. आतड्याच्या कॅन्सरला वाटेत यकृताची चाळणी लागते, फुप्फुसाच्या कॅन्सरला ती लागत नाही. त्यामुळे त्याच्या पेशी लवकर बाहेर पडतात. डाग कॅन्सरचा असेल तर आण्णांच्या मणक्यातल्या पेशी बहुधा गाठ 4.2 सेंमी असतानाच, म्हणजे ताप यायच्याही आधी, तिथे जाऊन बसल्या असाव्यात. हाडाच्या मगजात अशा पेशी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं न वाढता पडून राहतात. पेट स्कॅनलाही (साखरेसारखं किरणोत्सर्गी औषध टोचून काढतात तो) काही मिलिमीटरचा पुंजका दिसत नाही. तो दिसायला लागतो तोवर त्यात कोट्यवधी पेशी झालेल्या असतात.

दुसरी बाजू प्रतिकारशक्तीची. तिने छातीतल्या गाठीवर हल्ला केला तेव्हा जितक्या पेशी तिला ओळखता आल्या तितक्या मेल्या. ज्या पेशींनी आपली ओळखीची खूण अंगावरून काढून टाकली होती त्या वाचल्या आणि पुढची वाढ त्यांचीच झाली. शिवाय छातीत मिळालेला विजय हाडात मिळतोच असं नाही, दोन्हीकडचं वातावरण वेगळं. जरा हिशेब करून बघा : व्यास 4.2 वरून 1.6 झाला म्हणजे आकारमान साधारण अठराव्या हिश्श्यावर आलं. ऐकायला मोठं वाटतं, पण 1.6 सेंमीच्या गाठीतही कोट्यवधी पेशी शिल्लक असतात. ‘गाठ लहान झाली’ आणि ‘आजार गेला’ यांत एवढं अंतर आहे.

वैद्यांच्या म्हणण्याबद्दल थोडक्यात. सुईच्या वाटेवर पेशी सांडून छातीच्या भिंतीत किंवा आवरणात गाठ येणं घडतं, पण अतिशय क्वचित. आणि ते सुईच्या वाटेवर घडतं. सुई छातीत गेली होती, डाग डी-10 मणक्याच्या हाडात आहे. तो कॅन्सरचा असेल तर तिथे पेशी रक्तातून पोचल्या. तुकडा काढल्यामुळे पसरला ही भीती इतक्या लोकांचं निदान लांबवते की तिच्याबद्दल नरमाईने बोलणं आम्हाला जमत नाही.

आता पुढचं काम, आणि ते नीट वाचा, कारण इथे एक-दोन गोष्टी हुकल्या तर महिना वाया जातो.

मणक्यातला डाग कॅन्सरचाच आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. आण्णांच्या वयात, सिलिका खाल्लेल्या छातीत, मणक्याचा टीबी हा अगदी खरा पर्याय आहे. टीबी साधारणपणे दोन शेजारच्या मणक्यांमधली चकती खातो आणि दोन्ही मणके धरतो. कॅन्सर बहुधा चकती सोडून मणक्याचं हाड आणि त्याच्या मागच्या कमानीचे खांब पोखरतो. एमआरआय रिपोर्टमध्ये चकतीबद्दल काय लिहिलंय ते डॉक्टरांना दाखवा. तरीही खात्री तुकड्यानेच होते. त्या तुकड्याच्या वेळी तीन गोष्टी आधीच बोलून ठेवा. तुकड्याचा एक भाग फॉर्मालिनमध्ये आणि दुसरा नॉर्मल सलाइनमध्ये घ्या. फॉर्मालिनमध्ये टाकलेल्या तुकड्यावर टीबीचं कल्चर होत नाही, जंतू मरतात, आणि ही चूक जवळपास रोज कुठे ना कुठे होते. सलाइनमधला भाग सीबीनॅट (टीबीचे जंतू झटपट शोधणारी चाचणी) आणि कल्चरला जाऊ द्या. टीबीची तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत आहे, सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात विचारा. दुसरं, लॅबला सांगा की या तुकड्यावर जनुकीय चाचणी करायची आहे. हाड कापण्याजोगं करायला ते आम्लात भिजवतात, त्याने डीएनए नासतो. त्याऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरायला सांगा, वेळ जास्त लागतो पण डीएनए टिकतो. तिसरं, मानेत किंवा काखेत हाताला लागणारी गाठ, छातीत पाणी किंवा यकृतात डाग असेल, तर हाडाऐवजी तिथून नमुना घ्यावा. सोपं आणि चाचणीला जास्त चांगलं.

जुन्या बायोप्सीचा मेणाचा ठोकळा, म्हणजे पॅराफिन ब्लॉक, लॅबकडे असतोच. अर्ज देऊन तो आणि काचा ताब्यात घ्या. ॲडिनोकार्सिनोमा निघाल्याच्या दिवशीच त्यावर ईजीएफआर, एएलके, आरओएस-1 या जनुकांच्या आणि पीडी-एल 1 या प्रथिनाची चाचण्या व्हायला हव्या होत्या. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही. भारतातल्या फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमात साधारण चारपैकी एकाला ईजीएफआर बदल सापडतो. बिडी ओढणाऱ्यांत कमी, पण ‘ओढत होते म्हणून चाचणी नको’ हे चालत नाही. ब्लॉकमध्ये माल कमी उरला असेल तर रक्तावर ‘लिक्विड बायोप्सी’ होते. ती पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवा. निगेटिव्ह आली तर बदल नाही असा अर्थ होत नाही, तुकड्यावर परत बघावं लागतं.

बरोबरीने पेट-सीटी आणि मेंदूचा एमआरआय. मेंदू स्वतःच भरपूर साखर ओढतो, त्यामुळे पेटमध्ये तिथले लहान डाग लपतात. म्हणून एमआरआय वेगळा लागतो. पेटच्या आधी साधारण सहा तास पोटात काही नको, साधं पाणी चालतं. आदल्या दिवशी जड काम नको. साखर 200 च्या आत हवी, नाहीतर परत पाठवतात. मेटफॉर्मिन चालू असेल तर दोन दिवस आधी बंद करायचं का ते आधीच विचारा. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं. त्या दिवशी घरी आल्यावर नातवंडं आणि गरोदर बाई यांच्यापासून रात्रीपर्यंत लांब बसायचं, किरणोत्सर्गी औषध साधारण दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. आणि लक्षात ठेवा, सिलिकोसिसच्या गाठी आणि टीबीसुद्धा पेटमध्ये चमकतात. छातीच्या मधल्या भागातली ग्रंथी ‘हॉट’ आली म्हणून लगेच कॅन्सर म्हणू नका. तिचा उपचारावर परिणाम होणार असेल तर दुर्बिणीतून सुईने नमुना घेता येतो.

एवढं हातात आल्यावर ‘स्टेज चार’ या शब्दाचा खरा अर्थ लागेल. एक मणका आणि 1.7 सेंमीची गाठ इतकाच रोग असेल, तर त्याला ऑलिगोमेटास्टॅसिस म्हणतात. अशा रुग्णात औषधाबरोबर दोन्ही जागी नेमकं, जास्त ताकदीचं रेडिएशन देण्याचा विचार होतो. डॉक्टरांना हा शब्द उच्चारून विचारा. रोग खूप जागी असेल तर औषध हाच मुख्य उपाय. ईजीएफआर बदल निघाला तर रोजची गोळी : ऑसिमर्टिनिब 80 मिलिग्रॅम, किंवा खर्चाच्या दृष्टीने जेफिटिनिब 250 मिलिग्रॅम. जेफिटिनिबबरोबर पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोलसारखी ॲसिडिटीची गोळी घेतली तर औषध कमी शोषलं जातं, हे औषधवाला सांगत नाही. एएलके निघाला तर त्याची गोळी वेगळी. काहीच निघालं नाही तर किमो, इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) किंवा दोन्ही, पीडी-एल 1 च्या टक्क्यावर ठरतं.

इथे घाई करू नका. जनुकीय रिपोर्ट यायच्या आत इम्युनोथेरपीचं इंजेक्शन देऊन टाकलं आणि मग ईजीएफआर निघाला, तर मागाहून ऑसिमर्टिनिब देताना फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. रोग वेगाने पसरत नसेल तर दोन-तीन आठवडे रिपोर्टसाठी थांबणं परवडतं. आणखी एक : गाठ एकदा प्रतिकारशक्तीने आटवली असेल म्हणून इम्युनोथेरपी हमखास लागू पडेल, असं कुणी सांगितलं तर मानू नका. निर्णय पीडी-एल 1 आणि जनुकांवरच घ्या.

पाठीच्या दुखण्यासाठी मात्र जनुकीय रिपोर्टची वाट बघायची गरज नाही. कॅन्सर सिद्ध झाला की त्या मणक्याला एकाच दिवशी रेडिएशनचा 8 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) इतका शेक देऊन दुखणं बऱ्याच जणांचं उतरतं. पहिले एक-दोन दिवस वाढू शकतं, आराम पडायला दोन ते चार आठवडे लागतात. ही सोय कोल्हापुरातच आहे, त्यासाठी मुंबई गाठायचं कारण नाही. हाड बळकट करायला झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन देतात. त्याआधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन किडलेले दात काढून घ्या, कारण इंजेक्शननंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्तचाचणीही आधी बघतात. गल्लीतल्या दवाखान्यातली रोजची डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं बंद करा. मूत्रपिंड बिघडलं तर झोलेड्रॉनिक, सीटीचं औषध आणि काही किमो, तिन्ही अडतात. दुखणं फार असेल तर मॉर्फिनच्या गोळ्या मागायला लाजू नका, व्यसनाची भीती बाळगू नका. पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू करा, कारण बद्धकोष्ठ हमखास होतं. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांना आताच भेटा. ‘शेवटी’ भेटायचं ही समजूत जुनी. 2010 मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरवर झालेल्या अभ्यासात, सुरुवातीपासून ही सेवा मिळालेले रुग्ण जास्त बऱ्या अवस्थेत आणि सरासरी 11.6 महिने जगले. नेहमीच्या उपचारावरचे 8.9 महिने.

पुड्या डॉक्टरांकडे न्या, मूळ वेष्टनासकट. महिनोन्महिने चालू असतील तर आजच्या आज एकदम थांबवू नका, विशेषतः चेहरा सुजलेला असेल तर. आत स्टेरॉइड असेल आणि ते झटक्यात तोडलं, तर बीपी पडून माणूस कोसळू शकतो. कमी कसं करायचं ते डॉक्टर सांगतील. डोस वाढवायचा मात्र प्रश्नच नाही. भस्म असेल तर क्रिएटिनिन आणि शिसं तपासा. कॅन्सरच्या गोळ्या सुरू झाल्यावर काढा अजिबात नको. काही वनस्पती यकृतात औषधाचं पचन बिघडवतात, गोळी कमी किंवा जास्त पडते. जेवणातली हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल नकोत.

‘कुठं चुकलं’ याचं उत्तर तुम्ही मागितलंय, म्हणून देतो. गाठ 1.6 सेंमी झाली होती, त्याच आठवड्यात छातीच्या सर्जनला दाखवायला हवं होतं. तेवढी गाठ बाकी कुठे रोग नसेल तर काढता येते, ऑपरेशन झेपणारं नसेल तर तिच्यावर मोजक्या दिवसांचं अचूक रेडिएशन देता येतं. ते नको असतं तरी दर तीन महिन्यांनी सीटी, आणि पाठ-डोकं-वजन यांकडे लक्ष. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि गाठ आटल्यावर तपासणी बंद करणं हे बहुतेक घरांत होतं. मणक्यातल्या पेशी तेव्हाच तिथे असतील तर ऑपरेशननेही त्या गेल्या नसत्या. स्वतःला यापेक्षा जास्त दोष देण्याइतकी माहिती तुमच्या पत्रात नाही.

आण्णांना सांगायचं का? सांगा. किमोला नकार त्यांनीच दिला होता, तो त्यांचा अधिकार होता. आता गोळी, शेक, इंजेक्शन हे वेगळे पर्याय आहेत आणि ते ऐकून निवडायचा अधिकारही त्यांचाच. ‘मणक्याला सूज आहे’ असं सांगून शेकाला नेलंत तर तिथल्या बोर्डावरचं नाव ते वाचतीलच.

खर्चाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कवच आहे. किमो, शेक, ऑपरेशन त्यात बसतात, पण योजनेतल्या दवाखान्यातच आणि आधी मंजुरी घेतली तरच. रेशन कार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन दवाखान्याच्या आरोग्यमित्राला उपचार सुरू व्हायच्या आधी भेटा, बिल भरून झाल्यावर नाही. प्रत्येक नवी गोळी बसतेच असं नाही, औषधाचं नाव लिहून विचारा. आण्णांना ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर होता का तेही शोधा. दुसरं मत हवं असेल तर टाटा मेमोरियलची ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा कागद बघून मत देते, लगेच परळला धावायची गरज नाही. जावंच लागलं तर कॅन्सर रुग्ण आणि सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे, फॉर्मवर उपचार करणाऱ्या दवाखान्याची सही-शिक्का घ्या, आणि महालक्ष्मीत आण्णांसाठी खालचाच बर्थ बघा. जाताना सीडी, काचा आणि ब्लॉक हातातल्या पिशवीत ठेवा, ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डिकीत नको, मेण मऊ होतं.